चिऱ्याच्या भिंती आणि स्टिरिओ: गोव्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याला आमच्या घरी रविवारी सकाळी चार-सहा जण गाणं ऐकायला जमतात. वीसेक वर्षं हा परिपाठ चालू आहे. ऐकणं झालं की चहाबरोबर प्रश्न सुरू होतात, आणि नवा माणूस आला तरी प्रश्न बहुधा जुनेच असतात. म्हणून एकदा उत्तरं लिहून काढली. जिथे मोजता येतं तिथे आकडे दिले आहेत. बाकीची मतं माझ्या कानांची.

हाय-एंड म्हणजे नक्की काय? महागाचं ते हाय-एंड का?

नाही. ध्वनिमुद्रणात जे आहे ते, भर न घालता आणि काही न गाळता, कानापर्यंत पोचवायचं, एवढंच या यंत्रांचं काम. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की मूळ स्वरातून एकेक उपस्वर उमलत वर जातो. जवारी, म्हणजे घोडीवरच्या दोऱ्याची जुळणी, नीट लागली असेल तर गंधार आपसूक ऐकू येतो. साध्या यंत्रावर ही तार नुसती वाजते आणि विझते. चांगल्या यंत्रावर तो गंधार ऐकू येतो, आणि जोडाची तार त्याच्यात कशी मिसळते तेही. बायाँवर, म्हणजे तबल्याच्या डाव्या भांड्यावर, तळहात दाबून काढलेली मींड, दोन तानांच्या मध्ये चोरून घेतलेला श्वास, हार्मोनियमच्या भात्याची किंचित हालचाल: हे सगळं मुद्रणात असतंच, वाटेत हरवतं. ते जितकं कमी हरवेल तितकं यंत्र वरच्या दर्जाचं. एका टप्प्यापर्यंत पैशांनी हे वाढत जातं. त्यापुढचा पैसा मात्र बहुतेक पेटीच्या लाकडात आणि जाड धातूत जातो.

पैसे नेमके कशावर घालावेत?

आधी खोली, मग स्पीकर, मग ॲम्प्लिफायर. उरलेल्यात बाकी सगळं.

हा क्रम माझ्या आवडीचा नाही, मोजमापांचा आहे. आजच्या साध्याशा ॲम्प्लिफायरचा किंवा डॅकचा (डिजिटल आकड्यांचं आवाजाच्या संकेतात रूपांतर करणारं यंत्र) आलेख ऐकण्याच्या पट्ट्यात जवळपास सरळ रेघ असतो. चांगल्या स्पीकरचा दोन-तीन डेसिबलने वरखाली होतो. खर्जाच्या पट्ट्यात खोलीचा आलेख पंधरा-वीस डेसिबलने वरखाली होतो. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे खोली काय करते याचा अंदाज यावा. खर्ज भोंगळ येतो म्हणून मी चार वर्षांत दोन ॲम्प्लिफायर बदलले होते. शेवटी एका मित्राने कोच मागच्या भिंतीपासून सव्वा मीटर पुढे ओढला, आणि बायाँचे बोल पहिल्यांदा सुटे ऐकू आले.

स्पीकरच्या पेटीला भोक का असतं? काहींना नसतंही.

घुमट पाहिलाय ना? मातीचं भांडं, मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, मागचं लहान तोंड उघडं. चवथीच्या आरत्यांना वाजवणारा उजव्या हाताने थाप मारतो आणि डाव्या हाताने ते लहान तोंड झाकतो-उघडतो. तेवढ्याने त्याच थापेचा खर्ज बदलतो. भोकाच्या स्पीकरमध्ये नेमकं हेच घडतं, फक्त तिथे हात नसतो, भोकाची लांबी-रुंदी कारखान्यातच ठरलेली असते.

मुळापासून सांगतो. चुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकू. वेटोळ्यातून गाण्याचा प्रवाह गेला की शंकू पुढेमागे हलतो. १९२५ मध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी ही रचना मांडली. आजचे बहुतेक महागडे स्पीकरही त्याच तत्त्वावर चालतात. अडचण अशी, की शंकू पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या लांब लहरी पेटीला वळसा घालून एकमेकींना भेटतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून पेटी हवी.

पेटी पूर्ण बंद केली की आतली हवा स्प्रिंगसारखी शंकूला मागे ढकलते. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये या हवेलाच मुख्य स्प्रिंग बनवून लहान पेटीतून खोल खर्ज काढला. भोकाच्या पेटीत भोकातली हवा हा एक गोळा, आतली हवा ही त्याची स्प्रिंग, आणि दोघांचा मिळून एक स्वतःचा स्वर. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की निघतो तसा. हा स्वर समजा ४० हर्ट्झला (सेकंदाला ४० कंपनं) लावला असेल तर त्याच्या आसपास शंकू जवळजवळ स्थिर राहतो आणि सगळं काम भोक करतं. लहान पेटीतून मोठा खर्ज मिळतो. पण त्याखाली आवाज झपकन पडतो: बंद पेटीत सप्तकामागे १२ डेसिबल, भोकाच्या पेटीत २४.

निवड कशी करावी? खोली लहान असेल आणि स्पीकर भिंतीजवळच ठेवावे लागणार असतील तर बंद पेटी घ्या. भोकाचे स्पीकर आधीच घरात असतील आणि आवाज घुमत असेल तर भोकात स्पंजाचा बोळा घालून ऐका. फुकटात होणारा हा सर्वात मोठा फरक असू शकतो.

आमच्या खोलीत काही स्वर अंगावर येतात आणि काही ऐकूच येत नाहीत. स्पीकर बिघडलाय का?

बहुधा नाही. मला सर्वात जास्त वेळा विचारलेला हा प्रश्न, म्हणून उत्तर लांब आहे.

आवाज आपल्या उकाड्यात सेकंदाला ३४६ मीटरच्या आसपास धावतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी बसते ती तिथेच अडकून झुलत राहते. पाच मीटर लांबीच्या खोलीत ही पहिली लहर सुमारे ३५ हर्ट्झची, दुसरी ६९ ची, तिसरी १०४ ची. आता गंमत पाहा. काळी एकच्या षड्जाचा तानपुरा असेल तर त्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झला बोलते. पाच मीटरच्या खोलीत त्या गवयाचा तानपुरा लावा, दर आवर्तनाला चौथी तार उसळून वर येणार. यंत्र कुठलंही असो.

मग प्रश्न तुम्ही कुठे बसता याचा. दुसऱ्या लहरीचा जोर दोन्ही भिंतींपाशी आणि बरोबर मध्यावर सर्वात जास्त असतो, आणि भिंतीपासून पाव अंतरावर जवळजवळ शून्य. पहिल्या लहरीचं वेगळंच: भिंतींपाशी जोर, मध्यावर शून्य. म्हणून खोलीच्या मधोमध बसलेल्याला एक स्वर मिळतच नाही आणि दुसरा छातीवर येऊन बसतो. मागच्या भिंतीला डोकं टेकून बसलेल्याला सगळेच खर्ज फुगलेले मिळतात. आपल्याकडे कोच भिंतीला लावून ठेवायची पद्धत आहे. निम्म्या तक्रारी तिथेच उगवतात. मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून थोडं अधिक, म्हणजे पाच मीटरच्या खोलीत पावणेदोन ते दोन मीटर पुढे बसून पाहा. मग दोन-दोन वीत मागेपुढे सरका. ॲम्प्लिफायर बदलल्याने मिळणार नाही इतका फरक दोन विती देतात.

ठोकळ्यासारख्या खोलीत, म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची सारखी किंवा एकमेकींच्या पटीत असेल तिथे, तिन्ही दिशांच्या लहरी एकाच स्वरावर येऊन पडतात. तीन बाय तीनच्या शयनगृहात मोठे स्पीकर ठेवू नका असं मी कळवळून सांगतो ते यासाठी.

मोजायचं असेल तर मापनाचा मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ॲम्प्लिफायरमधली स्वयंचलित दुरुस्ती फुगलेले स्वर छान दाबते. पडलेले स्वर मात्र तिला भरता येत नाहीत. जिथे लहरी एकमेकींना खातात तिथे ताकद दुप्पट केली तरी त्या खातातच.

नवीन फ्लॅटमध्ये आवाज कर्कश झाला. तेच स्पीकर जुन्या घरात गोड होते.

खोलीत मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागोमाग झणझण अशी शेपटी ऐकू आली तर कारण सापडलं. सिमेंटचा स्लॅब, खाली चकचकीत लादी, समोरासमोर गिलावा आणि काच. लहर चेंडूसारखी आपटत राहते.

हार्वर्डचे वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ च्या सुमारास एका व्याख्यान सभागृहात गाद्या आणून, नेऊन, रात्री-रात्री मोजून याचं गणित बसवलं. आवाज साठ डेसिबलने विझायला लागणारा वेळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण. पाच बाय चार बाय तीन मीटरची रिकामी, लादीची खोली घ्या. घनफळ ६० घनमीटर, सगळे पृष्ठभाग मिळून ९४ चौरस मीटर, शोषण जेमतेम पाच टक्के. उत्तर येतं दोन सेकंदांच्या आसपास. गाणं ऐकायला ०.३ ते ०.५ सेकंद बरा. देवळाच्या सभामंडपात भजनाला दोन सेकंद शोभतात, कारण तिथे तो मंडपच गातो. पण ध्वनिमुद्रणात त्या मंडपाची घुमार आधीच भरलेली असते, तिच्यावर तुमच्या दिवाणखान्याची दुसरी चढली की शब्द बुडतात.

उपाय: स्पीकर आणि बैठकीच्या मध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा, काचेवर चुणीदार जड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट. नंतर बाजूच्या भिंती. कोणाला तरी भिंतीलगत आरसा सरकवायला सांगा. बैठकीवरून आरशात जिथे स्पीकर दिसतो तिथूनच पहिला परावर्तित आवाज कानी येतो. तिथे काचलोकराचा किंवा खनिज लोकराचा पाच सेंटिमीटर जाडीचा, कापडात गुंडाळलेला तक्ता लावा. भिंतीपासून चार बोटं सोडून लावा. मागे हवा राहिली की तक्ता आणखी खालचे स्वर शोषतो, आणि आषाढात भिंत पाझरते तेव्हा तक्त्याला बुरशी लागत नाही. सगळ्या भिंती मात्र मढवू नका. गाणं मेल्यासारखं होतं.

जुनं चिऱ्याचं, कौलारू घर आहे. तिथे हे सगळं जमेल का?

उलट तुम्ही नशीबवान आहात. उतरतं मंगळुरी कौलांचं छप्पर जमिनीला समांतर नसतं, त्यामुळे वर-खाली झुलणारी लहर तिथे नीट बसत नाही. कौलांच्या फटींतून खर्ज बाहेरही पडतो. राजांगणाकडे (आतल्या चौकाकडे) किंवा बाल्कांवकडे (पुढच्या सोप्याकडे) उघडणारं दार असेल तर ते उघडं ठेवून ऐका. सॅबाइन यांनी शोषण मोजायचं एकक म्हणून उघडी खिडकीच धरली होती: तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

दोष दोन. गिलावा केलेली जाड चिऱ्याची भिंत जराही हलत नाही, त्यामुळे तिच्यावर आपटलेला खर्ज सगळाच्या सगळा परत येतो. न गिलावलेली, छिद्रं उघडी असलेली चिऱ्याची भिंत वरचे स्वर थोडेफार विखुरते, म्हणून अशी भिंत असेल तर ती लिंपायची घाई करू नका. आणि दुसरा दोष पावसाचा. कौलांवर धो-धो सुरू झाला की बारीकसारीक तपशील त्यात बुडून जातात. जुलैत मी मोठे ख्याल लावतच नाही.

स्पीकर कुठे आणि कसे ठेवावेत?

दोन स्पीकर आणि तुम्ही, असा समभुज त्रिकोण. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. टीव्हीच्या दोन बाजूंना कपाटात कोंबलेले स्पीकर हा त्रिकोण कधीच करत नाहीत.

स्पीकरच्या मागच्या भिंतीपासूनचं अंतरही महत्त्वाचं. स्पीकरमधून मागे गेलेली लहर भिंतीवरून परतते आणि ज्या स्वराची पाव लांबी त्या अंतराएवढी असेल तिथे खड्डा पाडते. एक मीटरला तो ८६ हर्ट्झच्या आसपास, अर्ध्या मीटरला १७३ च्या. पुरुषी आवाजाचा खालच्या स्वरांतला भराव तिथेच असतो, म्हणून अर्ध्या मीटरवर गवई अशक्त वाटला तर स्पीकर पुढे ओढून पाहा.

जुळलं की नाही हे पारखायला जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावा. मोनोत दोन्ही बाजूंना सारखंच असतं, त्यामुळे आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, एका बिंदूत उभा राहायला हवा. पसरट झाला किंवा एकीकडे झुकला तर मांडणीत चूक आहे. ॲलन ब्लमलीन यांनी १९३१ मध्ये स्टिरिओचं पेटंट मागितलं तेव्हापासून सगळी जादू याच मधल्या, प्रत्यक्षात नसलेल्या गवयाची आहे.

किती वॉटचा ॲम्प्लिफायर घ्यावा?

लोक समजतात त्याहून बराच लहान. हिशेब करू. स्पीकरवर ८७ डेसिबल लिहिलं आहे: म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला एक वॉट दिल्यावर एक मीटरवर तेवढा आवाज. तीन मीटरवर बसलं, खोलीचा आधार आणि दुसरा स्पीकर धरला, की एका वॉटला ८३ च्या आसपास मिळतात. रसिकपणे ऐकायला ७५ डेसिबल भरपूर, त्याला वॉटचा सहावा भाग लागतो. तबल्याची कडक थाप सरासरीच्या वीस डेसिबल वर उसळली तर तेवढ्या क्षणापुरते सोळा वॉट. पन्नास वॉटचा प्रामाणिक ॲम्प्लिफायर यात आरामात बसतो. शंभर वॉटने फक्त तीन डेसिबल वाढतात.

वॉटपेक्षा महत्त्वाचं असं, की स्पीकरचा रोध लिहिलेला ८ ओहम असला तरी काही स्वरांवर तो ३-४ ओहमपर्यंत खाली येतो. तिथे प्रवाह पुरवायची ताकद ॲम्प्लिफायरमध्ये हवी. ४ ओहमवरचा आकडा छापला आहे का, ते पाहा.

ॲम्प्लिफायर क्लास ए, डी, की व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा)?

क्लास ए मध्ये गाणं असो वा नसो, पूर्ण प्रवाह वाहत राहतो. निम्म्याहून जास्त वीज उष्णतेत जाते. क्लास डी मध्ये ट्रान्झिस्टर अतिवेगाने उघडझाप करतात आणि नव्वद टक्के वीज कामी येते. पूर्वी त्याचे वरचे स्वर रखरखीत लागत, आताच्या चांगल्या रचनांना ती तक्रार लागू नाही. मे महिन्यात ज्या घरात पंखाही गरम हवा फेकतो तिथे मी क्लास डी किंवा ए-पेक्षा कमी तापणारा एबी सुचवीन. शिवाय आतले कपॅसिटर दर दहा अंश तापमानवाढीला साधारण निम्मं आयुष्य गमावतात. व्हॉल्व्हच्या यंत्रात दुसऱ्या उपस्वराची किंचित भर पडते आणि ती कानाला गोड लागते. गोडी खरी आहे, मला ती आवडते, पण ती यंत्राची आहे, गवयाची नव्हे.

महागड्या केबलने फरक पडतो का?

अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पाच मीटर नेली, जाऊन-येऊन दहा, तर तिचा रोध ०.०७ ओहम. स्पीकरच्या चार-आठ ओहमपुढे तो नगण्य. केबलवरचे पैसे सतरंजीत घाला. टोकं मात्र दर वर्षी पाहा. खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं. टोक कापून नवीन सोला आणि घट्ट पिळा.

हाय-रेझ फाइली (सीडीहून जास्त बारकाईने टिपलेल्या), सीडी, ब्लूटूथ: यांत ऐकू येण्याजोगा फरक आहे?

१९८२ मध्ये आलेली सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा, १६ बिटांत आवाज टिपते. त्यातून २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर आणि ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. माणसाचा कान तरुणपणी २० किलोहर्ट्झपर्यंत पोचतो, पन्नाशीत बहुधा १२-१४ पर्यंत. घरातल्या ऐकण्याला सीडीचा दर्जा पूर्ण पुरतो असं माझं ठाम मत आहे. हाय-रेझ आवृत्ती सरस वाटली तर बहुतेक वेळा तिचं संपादन वेगळं आणि निगुतीने केलेलं असतं. ब्लूटूथवर आवाज आकुंचित होऊन जातो. तानपुऱ्याच्या झंकारात ते जाणवतं, पडघमात नाही.

तुलना करायची असेल तर दोन्हींची पातळी मोजून सारखी करा. अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला आवाज नेहमी चांगला वाटतो. कान तो मोठा आहे असं सांगत नाहीत, सुंदर आहे असं सांगतात.

मग रेकॉर्डवर इतकं प्रेम का?

कारण ते हाताने होतं, आणि लक्ष देऊन ऐकायला भाग पाडतं. तांत्रिकदृष्ट्या मात्र तबकडी हा अवघड मार्ग आहे. चर कापताना खर्ज बराच दाबून आणि वरचे स्वर उचलून कोरतात, दोन्ही टोकांना जवळपास वीस डेसिबल. ॲम्प्लिफायरमधला तबकडीसाठीचा फोनो भाग ते बरोबर उलट करतो. सुईतून निघणारा विद्युतदाब चार-पाच मिलिव्होल्ट, सीडी प्लेयरचा दोन व्होल्ट. इतका नाजूक संकेत वाढवताना खोलीतली प्रत्येक घरघर त्यात शिरू पाहते. शिवाय बाहेरच्या चरात सुई सेकंदाला पन्नास सेंटिमीटर धावते आणि लेबलाजवळ वीसेक, म्हणून तबकडीच्या प्रत्येक बाजूवरच्या शेवटच्या गाण्यात तार सप्तक खरखरतं. सुईचा दाब आणि कोन नीट लावून घ्या, निम्मी खरखर जाते.

यंत्रातून सतत हूं… असा आवाज येतो. आणि वीज कडाडली की काय करावं?

हूं पन्नास किंवा शंभर हर्ट्झचा असतो, घरातल्या विजेचा. बहुधा दोन यंत्रं दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला जोडलेली असतात. सगळी यंत्रं एकाच पट्टीवर लावा. मग सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहा, कितीदा तरी चोर तिथेच सापडतो. अर्थिंगची पिन मोडून हूं घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तो जिवावर बेततो. एप्रिल-मेमध्ये तांबडी जमीन कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग कमकुवत पडतं. खड्ड्यात पाणी घालत राहा.

इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, चौकोनी लहरीचा असेल तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. विजांच्या दिवसांत, म्हणजे पाऊस यायच्या आधी आणि परतताना, बटण बंद करून भागत नाही. प्लग भिंतीतून काढा, इंटरनेटची तारही काढा. माझा एक ॲम्प्लिफायर त्या तारेतूनच गेला, प्लग काढलेला असताना.

पावसाळ्यात यंत्रं आणि तबकड्या कशा जपाव्यात?

वापरा. रोज तासभर चालू राहिलेलं यंत्र स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. जूनमध्ये झाकून ठेवून चवथीला उघडलेल्या यंत्राची बटणं खरखरतात आणि रिले चिकटतात. प्लॅस्टिकचं आवरण घालू नका, आत घाम धरतो. सुती कापड घाला.

जुन्या स्पीकरच्या शंकूभोवती फोमची कडा असेल तर दमट उष्णतेत दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा होतो. शंकू फेकू नका, कडा नवीन बसवता येते. नवे घेताना रबराची कडा पाहून घ्या. तबकड्या उभ्या ठेवा, भिंतीपासून दूर, कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या. कागदी आतले लिफाफे ओल धरतात, ते बदला. आणि कपाट चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका, वाळवी तिथूनच चढते.

दुकानात ऐकताना फसगत कशी टाळावी?

ओळखीचं गाणं न्या. निदान तीन: एक तानपुऱ्यावरचा नुसता आलाप, एक तबल्याचं एकल वादन, आणि एक असा आवाज जो तुम्ही प्रत्यक्ष समोर बसून ऐकला आहे. कांपालच्या कला अकादमीत किंवा एखाद्या देवळाच्या जत्रेत ऐकलेल्या गवयाचं ध्वनिमुद्रण असेल तर त्याच्याइतकी चांगली फूटपट्टी नाही. पहिल्या पाच मिनिटांत जो स्पीकर चमकदार वाटतो तो तासाभराने बहुधा टोचतो, म्हणून तास तरी काढा. मुंबई-पुण्याला जाऊन ऐकणार असाल तर आपल्या खोलीचं माप कागदावर घेऊन जा. आठवडाभर घरी नेऊन ऐकू देतील का, ते विचारायला लाजू नका.

शेजाऱ्यांचं काय?

निवासी भागात नियमाने दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि तुमच्या यंत्राने हद्दीवर ती पाच डेसिबलहून जास्त ओलांडू नये. रात्री हळू ऐकताना खर्ज कमी वाटतो तो कानाचा धर्म आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये तो मोजला. ॲम्प्लिफायरवर लाउडनेसचं बटण असेल तर ते याचसाठी आहे, वापरा.

आजोबांच्या ट्रंकेत ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या सापडल्या. नव्या टर्नटेबलवर लावू का?

तशाच लावू नका. या तबकड्यांचा चर एलपीच्या, म्हणजे नंतरच्या लांब वाजणाऱ्या तबकडीच्या, चराहून कितीतरी रुंद. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं, ७८ ला ७५ च्या आसपासचं लागतं. बारीक सुई चराच्या तळाशी जाऊन फक्त धूळ वाजवते, आणि स्वतःही झिजते. ७८ चा वेग असलेलं टर्नटेबल आणि जाड सुई घ्या, ॲम्प्लिफायर मोनोवर ठेवा, निम्मी खसखस तिथेच कमी होते.

धुताना फार जपा. या तबकड्या लाखेच्या आहेत, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपीसाठी मिळणारी अल्कोहोलची द्रावणं एका पुसण्यात चर मिटवून टाकतील. ऊर्ध्वपातित पाणी, भांडी घासायच्या सौम्य द्रवाचा एक थेंब, मऊ ब्रश, चराच्या दिशेने गोल. लेबलाला पाणी लागू देऊ नका. पंख्याखाली उभ्या वाळवा, उन्हात नको.

आणि लेबलं वाचून काढा. आमच्या अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा भागातल्या, केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांचा आवाज बहुतांशी अशाच साडेतीन मिनिटांच्या बाजूंवर उरला आहे. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. ती तबकडी १६⅔ फेऱ्यांच्या वेगाने वाजते. तुमच्या ट्रंकेतली ७८ ने. वेग लावून घ्या, सुई हळू टेकवा, आणि पहिली बाजू संपेपर्यंत खोलीत कोणाला बोलू देऊ नका.